रदबदलीचा कागद : ठाणें-कल्याण प्रांतांतील साहाय्य आणि शिफारस

इतिहाससंशोधकाच्या हातीं येणारे कागद बहुतकरून देणाऱ्याच्या दफ्तरांतील असतात. अमक्या शास्त्र्यास वर्षासन करून दिलें, लढाईंत पडलेल्या तमक्या शिलेदाराच्या मुलास बालपरवेशी चालविली, अमक्या गांवच्या कुळांस तगाई दिली, अशा नोंदी रोजकीर्दींतून विपुल सांपडतात. परंतु त्याच योग्यतेचीं दुसरीं दहा माणसें दारीं उभीं असतां नेमकें यांसच कां मिळालें, या प्रश्नाचें उत्तर त्या नोंदी क्वचितच देतात. तें उत्तर एखाद्या खासगी पत्राच्या चार ओळींत असतें, किंवा कागदावर मुळींच आलेलें नसतें. दफ्तर दान सांगतें. दानाच्या वाटेवर उभा असलेला मध्यस्थ सांगत नाहीं.

प्रस्तुत लेखांत या मध्यस्थाचा शोध ठाणें व कल्याण या प्रांतापुरता घेण्याचें आम्हीं योजिलें आहे. आरंभ पेशवाईपासून केला असून शेवट चालू शतकांत केला आहे. एका लेखास हा पल्ला लांब आहे हें आम्हांस ठाऊक आहे. तथापि राज्यें बदललीं, मदतीचीं नांवें बदललीं, देणाऱ्याचा शिक्का बदलला, आणि तरीहि या माणसाची जागा रिकामी राहिली नाहीं, ही गोष्ट लांब पल्ल्यावांचून नजरेस येत नाहीं. आमचें म्हणणें थोडक्यांत असें : जेथें मागणाऱ्याची ओळख पटविण्याचें काम दुसऱ्या माणसाच्या शब्दावर सोंपविलेलें असतें, आणि जेथें पात्र माणसांहून जागा थोड्या असतात, तेथें हक्काचें रूपांतर उपकारांत होतें. हें रूपांतर कसें होत आलें तें क्रमानें पाहूं.

१. शब्दांची साक्ष

प्रथम शब्दच पाहावे. शिफारस हा फारसी शब्द. वशिला हा मुळांत अरबी. त्याचा मूळ अर्थ साधन, एखाद्यापर्यंत पोंचण्याचा मार्ग, एवढाच आहे. त्यास मराठींत जो कडू वास आला तो मागाहून आला. रदबदल म्हणजे देवघेव, बोलाचाली. त्यावरून रदबदली म्हणजे एकाच्या वतीनें दुसऱ्यापाशीं शब्द टाकणें. भीड मात्र घरचा शब्द आहे. 'भीड घालणें' आणि 'भीड मोडणें' या दोन प्रयोगांत या सर्व व्यवहाराचें वर्म आलें आहे. भीड घालणारा आपल्या खात्यांतील कांहीं खर्च करीत असतो. ती मानली गेली तर मानणाऱ्याचा तो ऋणी होतो, आणि ज्याच्यासाठीं घातली तो त्याचा ऋणी होतो. म्हणजे सरकारच्या तिजोरींतून एक रुपया निघाला तरी त्यावर दोन ऋणें उभीं राहतात, आणि दोहोंपैकीं एकाचीहि नोंद तिजोरीच्या वहींत नसते.

२. पेशवाईंतील दान आणि दार

पेशवाईंत आजच्या अर्थानें लोककल्याणाचें खातें नव्हतें. परंतु वर्षासन, धर्मादाय, खैरात, रोजीना, बालपरवेशी, तगाई हे साहाय्याचे प्रकार रूढ होते. यांपैकीं बालपरवेशी विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. चाकरींत पडलेल्या माणसाच्या अज्ञान मुलांच्या पोषणासाठीं ती दिली जाई, आणि तींत उपकारापेक्षां देण्याची जाणीव अधिक होती. तरीहि ती आपोआप चालत नसे. अमका पडला, त्याचीं मुलें अमकीं, तीं अज्ञान आहेत, हें हुजुरास कोणी तरी सांगावें लागे. ज्याचा सरदार जिवंत व दरबारांत वजनदार, त्याच्या शिलेदाराचें पोर लवकर नजरेस येई. ज्याचा सरदारहि त्याच लढाईंत पडला, त्याच्या विधवेनें कोणाच्या दारीं जावें?

हुजुरांतून हुकूम झाला तरी काम संपत नसे. नेमणुकीची रक्कम पुष्कळदां एखाद्या महालावर वरात देऊन लावून दिली जाई. वरात म्हणजे त्या महालाच्या वसुलांतून पैसा देण्याचा हुकूम. ती घेऊन मनुष्यास त्या महालाच्या कमाविसदाराकडे जावें लागे, आणि तेथें वसूल आला आहे कीं नाहीं, आधीं कोणाची वरात भागवावयाची, हें त्या कमाविसदाराच्या मर्जीवर असे. कल्याण हा सुभ्याचा गांव. नानासाहेब पेशव्यांच्या काळीं रामाजी महादेव बिवलकर यांच्यासारखा कर्तबगार सुभेदार तेथें होता. अशा सुभ्यावर वरात घेऊन येणाऱ्यास पुण्यांत एक व कल्याणांत एक अशा दोन रदबदल्या कराव्या लागत असल्या पाहिजेत, हें व्यवस्थेच्या रचनेवरूनच दिसतें. देण्याचें ठिकाण जितकें दूर, तितके मध्यस्थ अधिक, हा नियम येथेंच ध्यानांत ठेवावा. पुढें तो पुन्हां भेटणार आहे.

या व्यवहारास मोल होतें, आणि तें कागदांत येतें. उत्तर पेशवाईंत मामलतींच्या हिशेबांतून 'दरबारखर्च' व 'अंतस्थ' अशीं कलमें दिसतात. दरबारांतील माणसांस प्रसन्न ठेवण्यासाठीं दिलेला हा पैसा. एल्फिन्स्टननें पेशव्यांपासून जिंकलेल्या मुलुखाविषयीं १८१९ सालीं जो अहवाल लिहिला त्यांत या चालीचा उल्लेख आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं मामलती मक्त्यानें देण्याची चाल बळावली, तेव्हां तर मक्तेदाराच्या दारीं धर्मादायाची किंमत काय राहिली असेल हें सांगणें नको.

उलट बाजूची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. श्रावणमासच्या दक्षिणेच्या वेळीं रामशास्त्री प्रभुणे यांचे बंधु दक्षिणेस आले. नाना फडणिसांनीं सुचविलें कीं यांस वीस रुपये द्यावे. शास्त्रीबोवांनीं उत्तर केलें कीं, यांच्या विद्येस इतरांप्रमाणें दोन रुपयेच योग्य. भाऊ म्हणून जें द्यावयाचें तें मी घरीं देईन. ही आख्यायिका अक्षरशः घडली असो वा नसो, ती लोकांनीं दोनशें वर्षें जपून ठेविली आहे, हेंच आमच्या दृष्टीनें प्रमाण आहे. जो प्रकार नित्याचा असतो त्याच्या कथा होत नाहींत. दोन रुपयेच दिले याची कथा झाली, यावरून वीस देण्याची चाल किती सर्वसाधारण असावी याचा अदमास होतो. शिवाय या कथेंत भेद नीट केला आहे : नात्याचें देणें घरच्या पैशांतून व्हावें, सरकारच्या नव्हे. आम्हांस याहून नेमकी कसोटी पुढील दोन शतकांतहि आढळली नाहीं.

३. खाडीचे दोन तीर

२७ मार्च १७३७ रोजीं ठाण्याचा कोट मराठ्यांनीं घेतला. २८ डिसेंबर १७७४ रोजीं तो इंग्रजांनीं घेतला, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी इंग्रजांकडे राहून कल्याण पेशव्यांस परत मिळालें. पुढें पेशवाई संपेपर्यंत सुमारें पसतीस वर्षें ठाण्याची खाडी ही दोन राज्यांची सरहद्द होती. पश्चिम तीरावर कंपनीचें दफ्तर व पूर्वेस पेशव्यांचें. कंपनीच्या राज्यांत हक्क शाबीत करण्याचें साधन उत्तरोत्तर कागद हेंच होत गेलें. १८१८ नंतर तो नियम खाडीपार सर्वत्र आला. देशावरील इनामांची चौकशी १८५२ च्या अकराव्या कायद्यानें झाली. कोंकण व गुजराथ यांतील इनामांचा निकाल १८६३ च्या सातव्या मुंबई कायद्याखालीं लागला. सनद दाखवा, भोगवटा दाखवा, मग बोला, असा तो काळ होता.

यापासून एक मोठा लाभ झाला. ज्याच्यापाशीं अस्सल सनद होती त्यास कोणाचें तोंड पाहण्याची गरज उरली नाहीं. जुन्या घराण्यांनीं रुमाल बांधून कागद जपले याचें श्रेय पुष्कळ अंशीं या चौकशीस आहे, आणि आपण संग्राहक आज त्यावर जगतों. परंतु तोटाहि तितकाच मोठा. ज्याच्यापाशीं कागद मुळींच नव्हता, तो सरकारच्या दृष्टीनें जवळजवळ नव्हताच. ठाणें जिल्ह्याच्या जंगलपट्टींतील वारली, कातकरी, ठाकूर यांच्या घरीं रुमाल नव्हता. त्यांच्या वतीनें बोलणारे लोक म्हणजे गांवचा पाटील, मढवी, म्हात्रे, किंवा सावकार. या वतनदारांचीं नांवें आजहि ठाण्या-डोंबिवलींत आडनांवें म्हणून घरोघर ऐकूं येतात. आणि सावकाराच्या वहींत या लोकांचीं नांवें होतीं, परंतु तीं ऋणको म्हणून.

४. खावटी

या पट्टींतील एक शब्द आमच्या विषयाचें सार सांगतो. तो खावटी. पावसाळ्यांत घरांतील दाणा संपला म्हणजे जमीनदार किंवा सावकार कुळास जें धान्य खाण्यापुरतें देई तें खावटी. पीक आलें कीं दिढीनें, म्हणजे दीडपट, परत करावयाचें. कधीं त्याहूनहि अधिक. लग्नासाठीं घेतलेल्या थोड्या पैशांपायीं ज्यास धन्याकडे वर्षानुवर्षें राबावें लागे त्यास लग्नगडी म्हणत. मुंबई सरकारच्या नेमणुकीवरून सिमिंग्टन यांनीं केलेला आदिवासी जातींविषयींचा अहवाल १९३९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत ही पद्धति नमूद आहे. १९४५ सालीं गोदावरी परुळेकर व त्यांचे सहकारी यांच्या नेतृत्वाखालीं वारल्यांनीं वेठीविरुद्ध जो लढा उभारला त्याचें मूळ याच व्यवहारांत होतें. तो मुलूख तेव्हां ठाणें जिल्ह्यांत होता. १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यांत गेला.

खावटी देणाऱ्या सावकारास सर्वस्वी राक्षस ठरविणें सोपें आहे, परंतु त्यानें इतिहास समजत नाहीं. आषाढांत दाणे देणारा दुसरा कोणीच नव्हता. त्याच्या वहींत नांव असणें हा उपाशी न मरण्याचा एकमेव विमा होता. हें ओळखूनच पुढें राज्यसरकारनें तो शब्द उचलला. आदिवासी विकास महामंडळामार्फत खावटी कर्ज देण्याची योजना झाली, आणि टाळेबंदीच्या काळीं, २०२० सालीं, खावटी अनुदान म्हणून कुटुंबामागें ४,००० रुपयांची मदत मंजूर झाली. निम्मी रोख व निम्मी वस्तुरूपानें. सावकाराच्या वहींतील शब्द शासननिर्णयांत आला. फेड गेली, दिढी गेली. परंतु यादी राहिली. आणि यादींत नांव घालणारा राहिला.

वेठबिगारीचीहि तीच कथा. वेठबिगार पद्धति नाहींशी करणाऱ्या १९७६ च्या केंद्रीय कायद्यानें एक विलक्षण न्याय्य गोष्ट केली : कर्ज हें वेठीचें नव्हे हें शाबीत करण्याचा भार धन्यावर टाकला. कागद नसलेल्याच्या बाजूनें कायदा उभा राहिल्याचीं उदाहरणें आमच्या इतिहासांत फार थोडीं आहेत, त्यांतील हें एक. तरी पण मुक्त झाल्याचा दाखला अधिकाऱ्याच्या सहीनेंच मिळावयाचा, आणि पुनर्वसनाची रक्कम, जी आरंभीं ४,००० रुपये होती, त्या दाखल्यावर अवलंबून. ज्या मजुरानें कचेरीचा उंबरठा कधीं ओलांडला नाहीं, त्यास तेथवर नेण्यास कोणी तरी लागेच. विवेक पंडित यांनीं १९८२ सालीं स्थापिलेल्या श्रमजीवी संघटनेनें या जिल्ह्यांत तें काम केलें. येथें मध्यस्थ आहे, परंतु तो माणसास कायद्यापर्यंत नेतो, कायदा आपल्या खिशांत ठेवीत नाहीं. मध्यस्थांच्या जातींतील हा भेद पुढें उपयोगी पडेल.

५. छावणी, शिधापत्रिका आणि टेंभी नाका

आतां गांवाकडून शहराकडे येऊं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी आली, तेव्हांपासून हा प्रांत मुंबईचें अंगण होऊं लागला. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधी निर्वासितांस आसरा देण्यांत आला. त्या कल्याण कॅंपासच ८ ऑगस्ट १९४९ रोजीं उल्हासनगर हें नांव मिळालें. पश्चिम भारतांत स्वतंत्र हिंदुस्थानच्या सरकारनें चालविलेल्या साहाय्याचा हा एक पहिलाच मोठा प्रयोग. रोजचा शिधा, राहण्यास बराकी, आणि पुढें मागें राहिलेल्या मालमत्तेची भरपाई. भरपाईसाठीं १९५० व १९५४ सालीं कायदे झाले. जो मनुष्य कराचीहून आगबोटींत बसला त्याच्या ट्रंकेंत घराचे दस्तऐवज असतीलच असें नाहीं. अशा वेळीं ओळखणाऱ्या शेजाऱ्याच्या शब्दास मोल आलें. पंचायतीचा मुखी, जुना शेजारी, एकाच गांवचा वकील, यांच्यावांचून हक्क सिद्ध करणें कठीण. संपूर्ण शहराच्या शहरानें आपली ओळख साक्षीवर उभी केली, असें उल्हासनगरविषयीं म्हणतां येईल.

शिधापत्रिका ही युद्धकाळाची देणगी. मुंबईंत २ मे १९४३ पासून शिधावाटप सुरू झालें. धान्य वाटण्यासाठीं काढलेला हा कागद पुढें माणसाची ओळख, राहण्याचा पुरावा आणि इतर सर्व दाखल्यांची जननी झाला. शिधापत्रिकेवांचून पत्ता नाहीं, आणि पत्त्याच्या पुराव्यावांचून शिधापत्रिका नाहीं, अशा चक्रांत परगांवाहून आलेला मजूर सांपडला. डोंबिवलीच्या चाळींत भाड्यानें राहणाऱ्यास घरमालक पावती देईना. वागळे इस्टेटीच्या आसपासच्या झोंपडींत तर मालक कोण याचाच पत्ता नाहीं. हें चक्र फोडण्याचें काम ज्याची सही चाले त्याचें होतें. नगरसेवकाचा रहिवासी दाखला, त्याच्या नांवाच्या छापील कागदावर दोन ओळी व शिक्का, हा त्या काळचा सर्वांत सामर्थ्यवान् दस्तऐवज होय. जुन्या पत्रांत 'विज्ञापना ऐसीजे' येथून आरंभ होई व 'लोभ असावा हे विनंति' येथें शेवट; या दाखल्यांतहि मायना असाच ठरून गेला आहे. सदर व्यक्ति माझ्या परिचयाची आहे, हें त्यांतील बीजवाक्य.

या पद्धतीचें शिखर ठाण्यानें पाहिलें. १९६७ सालीं ठाणें नगरपालिका शिवसेनेच्या हातीं आली, आणि शाखा ही तक्रार घेऊन जाण्याची जागा म्हणून रुजली. १९८४ सालीं जिल्हाप्रमुख झालेले आनंद दिघे हे टेंभी नाक्यावरील आनंद आश्रमांत रोज लोकांचीं गाऱ्हाणीं ऐकत. रुग्णालयांतील खाट, शाळेंतील प्रवेश, नवराबायकोचें भांडण, घराचा ताबा, सर्व कांहीं तेथें येई. २६ ऑगस्ट २००१ रोजीं ते वारले तोंपर्यंत हा दरबार चालला. त्यांनीं कधीं निवडणूक लढविली नाहीं. कोणतेंहि सरकारी पद त्यांच्याकडे नव्हतें. इतिहासकारानें येथें थांबून विचार करावा. ज्याच्यापाशीं देण्याचा कायदेशीर अधिकार कांहींच नाहीं, त्याच्या दारीं रांग लागते, आणि ज्याच्यापाशीं अधिकार आहे त्या कचेरींत जाण्यास माणूस भितो. दिघे यांच्याविषयीं भक्तीनें बोलणारे व भीतीनें बोलणारे असे दोन्ही वर्ग ठाण्यांत आहेत; आम्हांस दोघांच्या बोलण्यांत एकच साक्ष दिसते. लोक कचेरीच्या खिडकीपेक्षां माणसाच्या शब्दावर अधिक विश्वास ठेवीत, आणि तो विश्वास अनुभवानें बनलेला होता.

कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेंत नोव्हेंबर २०२० पासून, आणि ठाणें महानगरपालिकेंत मार्च २०२२ पासून, अनेक वर्षें लोकनियुक्त सभागृह नव्हतें, प्रशासक होता. कायद्यानें नगरसेवक उरला नाहीं. तरीहि 'माजी नगरसेवक' अशा पाट्यांखालीं कार्यालयें चालू राहिलीं व अर्ज भरून दिले जात राहिले. यावरून मध्यस्थाचें बळ पदांत नसून परिचयांत आहे, हें स्पष्ट होतें.

६. यादी, इष्टांक आणि समिति

रदबदलीचें कारण माणसांचा स्वभाव, असें पुष्कळ जण म्हणतात. आमच्या मतें कारण योजनांच्या रचनेंत शोधावें. तीन उदाहरणें घेऊं.

पहिलें शिधावाटपाचें. १ मे १९९९ पासून राज्यांत पिवळ्या, केशरी व शुभ्र अशा तीन रंगांच्या शिधापत्रिका झाल्या. पुढें २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानें शहरांतील ४५.३४ टक्के लोकांसच स्वस्त धान्याची मर्यादा राज्यास मिळाली. सर्व राज्याचा इष्टांक सुमारें ७ कोटी १६ हजार माणसांचा. शहरी कुटुंबासाठीं वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये ठेवण्यांत आली. इष्टांक भरला म्हणजे पात्र माणसासहि थांबावें लागतें. कोणी मयत झाला, कोणी गांव सोडून गेला, तर जागा होते. ती जागा केव्हां झाली हें ज्यास आधीं कळतें, तोच मोठा. येथें पैशाचाहि प्रश्न नाहीं, वार्तेचा आहे. जुन्या काळीं महालांत वसूल आला कीं नाहीं हें कमाविसदाराच्या कारकुनास आधीं कळे. त्यांतलाच हा प्रकार.

दुसरें झोंपडपट्टीचें. १९७१ च्या कायद्याखालील संरक्षणासाठीं आधीं १ जानेवारी १९९५, मागाहून १ जानेवारी २००० ही तारीख धरण्यांत आली. त्या दिवशीं आपण तेथें राहत होतों हें ज्यास मतदारयादींतील नांवानें किंवा तशाच कागदानें दाखवितां येईल त्याचें घर वांचलें. म्हणजे ज्या वर्षीं कोणी कार्यकर्ता दारोदार फिरून मतदारयादींत नांवें घालीत होता, त्या वर्षीं ज्याचें दार त्यानें ठोठावलें नाहीं, त्याचें घर वीस वर्षांनीं गेलें. इतक्या लहान भेटीचा इतका मोठा परिणाम सनदांच्या इतिहासांतहि थोडाच सांपडेल.

तिसरें निराधारांचें. १९८० सालीं सुरू झालेली संजय गांधी निराधार अनुदान योजना ही विधवा, अपंग, निराधार यांच्यासाठीं आहे. २०२३ सालीं तिची रक्कम दरमहा १,००० वरून १,५०० रुपये करण्यांत आली. अर्ज मंजूर करण्यासाठीं तालुक्यास समिति असते. तहसीलदार तिचा सचिव, आणि अध्यक्ष व कांहीं सभासद अशासकीय, पालकमंत्र्यांच्या पसंतीचे. हेतु असा कीं स्थानिक माणसास खरा निराधार कोण तें ठाऊक असतें. हेतु चांगला आहे. परंतु ज्यास कोणीच नाहीं त्यास देण्याचें साहाय्य, कोणाचा तरी असल्यावांचून मिळणें कठीण होईल अशी ही योजनेंतील गांठ आहे. निराधार या शब्दाचाच अर्थ येथें उलटतो.

याच्या शेजारीं २०२४ ची लाडकी बहीण योजना ठेवून पाहावी. २८ जून २०२४ रोजीं जाहीर झालेल्या या योजनेंत २१ ते ६५ वर्षांच्या स्त्रियांस, कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आंत असल्यास, दरमहा १,५०० रुपये थेट बॅंकेच्या खात्यांत. येथें इष्टांक नव्हता, म्हणून मंजुरीपुरती रदबदलीची गरज कमी झाली. पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असणारीस उत्पन्नाचा दाखला माफ झाला. परंतु तो जुना रंगीत कागद ज्यांच्या घरीं कधींच पोंचला नव्हता त्यांस पुन्हां तहसील कचेरीची पायरी चढावी लागली. अर्ज भरून देणाऱ्या अंगणवाडी सेविका इत्यादींस पात्र अर्जामागें ५० रुपये देण्याचें सरकारनें ठरविलें. आमच्या माहितीप्रमाणें मध्यस्थाची मजुरी उघडपणें नमूद करणारें हें अलीकडचें ठळक उदाहरण आहे. अंतस्थाच्या कलमापेक्षां हें कितीतरी स्वच्छ. मात्र त्याच वेळीं गल्लोगल्लीं शिबिरें भरलीं आणि त्यांवर नेत्यांच्या तसबिरींचे फलक लागले. पैसा खात्यांत सरळ गेला. उपकार मात्र फलकावरून गेला.

७. लाभ-हानीचा हिशेब

एवढ्या विवेचनावरून मध्यस्थ नाहींसा करा असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो आमचा नव्हे. कातकऱ्यास कचेरींत नेणारा, निर्वासिताची ओळख पटविणारा, आजारी माणसास मध्यरात्रीं खाट मिळवून देणारा, हे नसते तर कित्येकांस कांहींच मिळालें नसतें. दोष दाखवितांना हें ऋण विसरणें कृतघ्नपणाचें होईल. प्रश्न मध्यस्थ असावा कीं नसावा हा नाहीं. त्याच्यावांचून गेलेल्या माणसास तेंच मिळतें कीं नाहीं, हा आहे. रामशास्त्र्यांच्या कथेंतील दोन रुपये आणि वीस रुपये यांतील अंतर हेंच मोजावयाचें.

त्या मापानें पाहतां एक पाऊल पुढें पडलें आहे असें म्हणावें लागेल. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमानें दाखल्यास मुदत घातली, अर्जास पोच व क्रमांक दिला, अपिलें दिलीं, आणि कारणावांचून उशीर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद केली. कागदाच्या इतिहासांत या पोचेस महत्त्व आहे. शिफारसपत्र सांगतें, हा माझा माणूस आहे. पोच सांगते, हा अर्ज अमक्या दिवशीं आला. पहिल्या कागदांत देणाऱ्याचें नांव मोठें, दुसऱ्यांत तारीख मोठी. परंतु ही पोच मागण्याचें धैर्य ज्यास नाहीं, किंवा ती मागतां येते हेंच ज्यास ठाऊक नाहीं, तो अजून चिठ्ठीच शोधतो. आणि ज्या योजनेंत जागाच मोजक्या, तेथें पोच घेऊन बसलेल्यास वर्षेंच्या वर्षें बसावें लागतें.

८. संग्राहकांस विनंति

शेवटीं आपल्या व्यवसायाविषयीं. ठाणें-कल्याणच्या कोणत्याहि जुन्या चाळींत एखादी प्लॅस्टिकची पिशवी खिळ्यास टांगलेली किंवा गादीखालीं ठेविलेली आढळते. तींत शिधापत्रिका, विजेचें जुनें बिल, शाळा सोडल्याचा दाखला, मतदार ओळखपत्र, आणि त्यांच्या घडींत नगरसेवकाची किंवा शाखेची एखादी चिठ्ठी. ही पिशवी म्हणजे या शतकाचा रुमाल होय. घर मोडून इमारत उभी राहिली, खात्यांत पैसे येऊं लागले, कीं ती रद्दींत जाते. सरकारी दफ्तर राहील, कारण तें ठेवणारें सरकार आहे. चिठ्ठी राहणार नाहीं.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी कीं मोडी बाडें शोधतांना या पिशव्यांकडेहि पाहावें. चिठ्ठी मिळाली तर तिच्यावरील तारीख, देणाऱ्याचें पद, आणि ती कोणत्या कामासाठीं होती, हें घरच्या माणसांकडून विचारून टिपून ठेवावें. हयात माणसांचीं नांवें झांकावीं. आणि याहूनहि एक कठीण काम आहे. ज्यास चिठ्ठी मिळाली नाहीं, ज्याचा अर्ज परत आला, त्याच्या घरीं फार तर नाकारल्याचा एक कागद असतो. तो कोणी जपत नाहीं. पेशव्यांच्या रोजकीर्दींतहि ज्यास मिळालें त्याचेंच नांव आहे. दाराशीं उभें राहून परत गेलेल्या त्या विधवेचें नांव आज कोणासहि सांगतां येणार नाहीं. निदान आपल्या काळापुरता तो परत आलेला कागद सांपडल्यास तो फेंकूं नये, एवढें केलें तरी पुढच्या संशोधकास आपल्यापेक्षां अधिक खरा इतिहास लिहितां येईल.